महिपतीचा हात

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये भावेश या सिंधी माणसाचं मशिनरीचं दुकान आहे. पुढच्या बाजूला पाण्याच्या मोटारी, गवत कापायची यंत्रं, फवारणीचे पंप. मागे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये दोन ठोकळ्यांवर कायम एक ओंडका आडवा टाकलेला. चेनसॉ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक कधी कागद वाचत बसत नसे. किती सीसी, किती वजन, किती वॉरंटी, हे सगळं भावेशने पाठ म्हणून दाखवलं तरी ते नुसती मान हलवी आणि शेवटी एकच विचारी, "महिपतीचा हात लागलाय का याला?"

लागला असेल तर सौदा झाला. नसेल तर भावेश बदलापूरला फोन लावायचा. "साईं, टाइम निकालो. नवा माल आलाय, हात लावून जा."

हा महिपती म्हणजे बदलापूरच्या बाहेर, नदीच्या अंगाला असलेल्या एका आगरी गावातला माणूस. वय चोपन्न. गाव आता नावापुरतं उरलंय, भाताच्या खाचरांत टॉवर उभे राहिलेत. महिपतीच्या वाट्याची जमीन त्याच्या बापानेच विकून खाल्ली होती. बाप गेला तेव्हा धाकटा भाऊ किसन सहा वर्षांचा होता आणि आई त्याच्याही आधी गेलेली. महिपतीने लाकडाच्या वखारीत कुऱ्हाड धरली, वेणूशी लग्न केलं आणि किसनला पोटच्या पोरासारखं वाढवलं. या दोघांना स्वतःचं मूल झालं नाही. ते दुःख त्यांनी किसनवर माया करत करतच गिळलं.

वखारीत पहिला चेनसॉ आला त्याला आता पंचवीस वर्षं झाली. बाकीचे गडी त्याच्या आवाजाला बिचकले, महिपती नाही. मशीन हातात घेतली आणि त्याला कळलं की ही बोलते. लाकडात गाठ येणार असेल तर आधी मुठीत सांगते, चेनची एक बाजू बोथट झाली असेल तर ती जिच्यावर फिरते ती पट्टी डावीकडे ओढते, बोल्ट ढिला झाला तर करंगळीखाली बारीक मुंग्या येतात. दुसऱ्यांना हे मशीन उघडल्यावर कळायचं. महिपतीला डोळे मिटले की कळायचं. म्हणून भावेशच्या शेडमध्ये त्याची एक रीत पडून गेली. मशीन दहा मिनिटं चालवून चांगली तापवायची, ओंडक्यात अर्धी पट्टी घालायची, डोळे मिटायचे, आणि मग एकच शब्द बोलायचा. "चालंल" किंवा "नको". त्यावर कुणी अपील करत नसे. शहाडपासून बदलापूरपर्यंत झाडं तोडणारे सगळे त्या एका शब्दावर मशिनी घ्यायचे, आणि पंचवीस वर्षांत तो शब्द खोटा पडला नव्हता.

एवढं नाव झालं की माणूस त्या नावाचा नोकर होतो. महिपतीचंही तेच झालं.

तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत एका सकाळी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पांढरीफटक पडली. चोळून चोळून तासाभराने रंग आला. मग रोजच तसं होऊ लागलं, मग चार बोटं, मग डावा हातही. उन्हाळ्यात रंग परत आला, पण चव परत आली नाही. म्हणजे बोटांना कशाचीच चव लागेना. दाराची कडी लागली की नाही ते बघितल्याशिवाय समजेना. निवट्या माशांचं कालवण पुढ्यात आलं की काटा बोटांना सापडेना आणि थेट घशात जाई. शेवटी वेणूच काटे काढून देऊ लागली. शर्टाची बटणंही तीच लावायची.

तिनेच त्याला ओढून अंबरनाथच्या एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बोटांना सुई टोचली आणि महिपतीला तोंड दुसरीकडे करून सांगायला लावलं की कुठल्या बोटाला टोचतोय. त्याला दहापैकी दोनदा सांगता आलं.

"किती वर्षं मशीन चालवताय?" डॉक्टरांनी विचारलं.

"बावीस."

"हादऱ्यांनी नसा मेल्यात. गेलेलं परत येणार नाही. मशीन सोडा, म्हणजे उरलंय ते तरी राहील."

महिपतीने मशीन सोडली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती उघडली असती तर भावेशच्या शेडमध्ये त्याला कुणी हाक मारली नसती. वखारीनंतर तो झाडं छाटायची कामं घेई; त्यात वर चढायचं काम तेवढं त्याने किसनला दिलं आणि वय झालं म्हणून सांगितलं. स्वतः खाली उभा राहून दोर धरायचा, फांदी कुठून कापायची ते ओरडून सांगायचा. दुकानात ट्रायलला मात्र जातच राहिला. दोन वर्षं निभावलंही. आवाज, धूर, भुसा यांवरून अंदाज बांधायचा, आणि माल तसा बरा होता म्हणून शब्द खरा ठरत गेला.

वेणूने एकदाच विषय काढला. "बाकीच्यांचा जाऊ द्या. किसनला तरी सांगा."

"त्याला तर नायच," महिपती म्हणाला.

यंदा एप्रिलात अमितला मोठं काम लागलं. अमित कंत्राटदार होता. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत तीसेक सोसायट्या आणि चार-पाच कारखान्यांच्या आवारातली झाडं त्याला पावसाआधी छाटायची होती. सहा टोळ्या, त्यांतली एक महिपती-किसनची, आणि सहा नव्या मशिनी लागणार होत्या. स्वतः त्याने जन्मात फांदी तोडलेली नव्हती, उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. पण कंजूष नव्हता. एवढं त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. भावेशच्या शेडमध्ये तो सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, महाग-स्वस्त बघू नका. तुमचा हात बोलेल ती घेऊ. सहाच्या सहा."

भावेशने तीन मशिनी मांडल्या. एक हिरवी, एक नारंगी, एक लाल. तिन्ही मधल्या मापाच्या. धड फांद्यांच्या छोट्या नाहीत आणि जंगलातल्या दांडग्याही नाहीत. ओंडका रेन ट्रीचा होता, ओला, वीतभर आणि वर चार बोटं जाड. बघायला आठ-दहा माणसं जमली होती. त्यात किसन होता आणि त्यांच्याच टोळीतला रघुही.

हिरवी पंचेचाळीस सीसीची. वजनाला हलकी, दोन हिसक्यांत सुरू झाली, एका हातात नाचवावी अशी. पण ओंडक्याच्या मध्याला गेली आणि कण्हू लागली. रेस वाढवली तर चेन थांबायला बघे. वर उचलून दम खाऊ द्यावा लागे. पातळ फांद्यांना ठीक, खोडाला नाही. ती बाजूला ठेवायला हात लागत नव्हता, कान पुरे होते. महिपतीने मान हलवली आणि भावेशने ती उचलली.

नारंगी पन्नासची. मूठ आणि इंजिन यांच्या मध्ये हादरा गिळायला स्टीलच्या स्प्रिंगा. पुढच्या हँडलला धरून लोंबती ठेवली तर नाक किंचित खाली झुके, जेवढं झुकायला हवं तेवढंच, म्हणजे लाकडावर दाबावी लागत नाही. तिने ओंडका चोवीस सेकंदांत पार केला. लाल अठ्ठावन्नची, अर्धा किलोने जड, स्प्रिंगांच्या जागी रबराचे गट्टू. चार हिसके दिल्यावर सुरू झाली, पण लाकडाला भिडली तशी शेडभर भुसा उडाला. अठरा सेकंद. बघणारी माणसं वा वा करू लागली.

आता राहिला हात. दोन्ही तापलेल्या होत्या. महिपतीने नारंगी ओंडक्यात घातली, डोळे मिटले. मग लाल घातली, पुन्हा डोळे मिटले. आत काहीच आलं नाही. दोन जाड हातमोजे एकावर एक घालून धराव्यात तशा दोन्ही सारख्याच. तो डोळे मिटून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला, आणि लोकांना वाटलं की दादा आज बारकाईने बघतोय. खरं तर तो घाबरला होता. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला सांगण्यासारखं काहीच नव्हतं, आणि दहा माणसं तोंडाकडे बघत होती.

त्याने डोळे उघडले. अठरा सेकंद आणि चोवीस सेकंद, एवढंच त्याच्याजवळ होतं.

"लाल," तो म्हणाला. "चालंल."

"पक्का, साईं?" भावेशने विचारलं. "मेरे को तो नारंगी लग रही थी."

तेवढ्यात किसनने लाल उचलली. चढून चालवायची त्यालाच होती, तेव्हा बघणं भागच होतं. त्याने दोन काप घेतले, रेस सोडली आणि मशीन हातात तोलत उभा राहिला.

"दादूस, तापल्यावर मागची मूठ हालते. बारीक हालते. मना हाताला लागतंय."

इथे थांबायची जागा होती. पुन्हा एकदा बघतो, एवढं जरी महिपती म्हणाला असता तरी नावाला काही धक्का लागला नसता. पण ज्याला बोटाला धरून चालायला शिकवलं त्याच्या हाताला कळलं आणि आपल्या हाताला नाही, ही गोष्ट त्याला चटका लागल्यासारखी लागली. आणि तो हसला.

"तुजा हात अजून कच्चा हाय," तो म्हणाला. "नवा रबर हाय तो, बसंल हळूहळू."

सगळे हसले. किसनही हसला आणि मशीन खाली ठेवली. अमितने सहा लाल मशिनी टेम्पोत चढवल्या.

तीन आठवडे काही झालं नाही. मेच्या मध्यावर बदलापूर पूर्वेच्या एका सोसायटीत मोठा रेन ट्री छाटायचा होता. त्याच्या फांद्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलऱ्यांत घुसलेल्या. सकाळी आठला किसन वर चढला, कमरेला दोर, मशीन दुसऱ्या दोराला. खाली महिपती आणि रघु. साडेनऊपर्यंत चार फांद्या उतरल्या. पाचवी जाड होती. किसन पाय बेचक्यात रोवून उभा राहिला आणि पट्टी लाकडात घातली. मशीन दीड तास तापलेली होती.

रबराचा गट्टू फाटला तो आवाज खाली आला नाही. मागची मूठ एकदम बसली, पट्टीचं टोक मागच्या फांदीला टेकलं आणि मशीन उलटून वर आली. किसनचा डावा हात हँडलवरून सुटला. हँडलपुढच्या ब्रेकच्या पात्यावर मनगट आपटून चेन थांबली खरी, पण मनगटावरून गेल्यावर. गॅलरीत उभी असलेली एक बाई किंचाळली, तेव्हा महिपतीने वर बघितलं.

दोघांनी दोर सोडत किसनला खाली घेतलं. महिपतीने गळ्यातला पंचा काढून त्याच्या हाताला कोपराजवळ गुंडाळला आणि गाठ मारली. रक्त थांबेना. त्याने पुन्हा ओढली. गाठ घट्ट झालीय की सैल आहे हे त्याच्या बोटांना समजतच नव्हतं, आणि डोळ्यांना लाल रंगाखेरीज काही दिसत नव्हतं.

"सैल हाय ती! सोडा, दादा, सोडा!" रघुने त्याचे हात झटकून बाजूला केले आणि स्वतः पंचा आवळला. मग रक्त कमी झालं.

ऑपरेशन पाच तास चाललं. हात राहिला. मनगटातल्या शिरा आणि नसा तुटल्या होत्या. त्या जोडल्यात, डॉक्टर म्हणाले, पण बोटं पूर्वीसारखी मिटणार नाहीत आणि त्यांना स्पर्श कळेल याची आशा धरू नका. किसनची बायको तेजस्वी हे उभ्याने ऐकत होती. तिने महिपतीकडे बघितलं नाही, कुणाकडेच बघितलं नाही. वेणू तिच्याजवळ जाऊन बसली.

संध्याकाळी किसनला शुद्ध आली. महिपती खाटेशी होता. त्याला बघून किसन कष्टाने म्हणाला, "दादूस, माजीच चूक झाली. हात कच्चाच हाय माजा. तू बोलला व्हतास."

पाणी आणतो असं काहीतरी पुटपुटून महिपती वॉर्डातून बाहेर पडला तो परत आत गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंबरनाथला गेला. एका कारखान्याच्या आवारात अमितच्या उरलेल्या पाच टोळ्या एकत्र लागल्या होत्या. पाच लाल मशिनी जमिनीवर ओळीने, अजून सुरू व्हायच्या. रघु आधीच तिथे आला होता आणि किसनचं काय झालं ते त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. माणसं उठून उभी राहिली, कुणी पाणी पुढे केलं. महिपतीने ते घेतलं नाही.

"या मशिनी चालवू नका," तो म्हणाला. "अमितला मी सांगतो. मागची मूठ हालते. तुमच्या कुणाला लागलाय का ते हाताला?"

टोळीतला सुयोग नावाचा एक गडी, किसनच्याच वयाचा, खाली बघत म्हणाला, "लागला व्हता."

"कवा?"

"पयल्याच दिवशी. सगल्यांनाच लागला, दादा."

"मग बोललात का नाय?"

सुयोगने रघुकडे बघितलं. रघु म्हणाला, "तुम्ही पास केलेली. किसन बोलला तर त्याला तुम्ही कच्चा ठरवला, आमच्या डोळ्यांदेखत. आम्ही कोण बोलणार?"

हे ऐकायला महिपती तयार नव्हता. आपल्या एकट्याच्या खोटेपणाने एक भाऊ गेला कामातून, एवढंच त्याने रात्रभर मनाशी घोळवलं होतं. पाच हात रोज खरं सांगत होते आणि आपल्या एका शब्दाखाली ते गप्प बसले होते, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो तिथेच एका मशीनशेजारी मातीत बसला आणि त्याने दोन्ही पंजे उघडून त्यांच्यासमोर धरले.

"मेलेत हे," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. मना काय कळत नाय यातून. ती लाल मी डोल्यांनी पास केली."

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. रघुने एकेक मशीन उचलून टेम्पोत नेऊन ठेवली. अमितचा फोन आला तेव्हा महिपतीने त्यालाही तेच शब्द सांगितले, आणि मग भावेशला. भावेश "साईं…" एवढंच म्हणाला, आणि फोन ठेवला.

हॉस्पिटलात पोहोचायला दुपार झाली. वेणू किसनला भात भरवत होती. महिपतीने तिला थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. खाटेच्या कडेला बसला आणि सांगू लागला. थंडीतली पांढरी बोटं, डॉक्टरांची सुई, भावेशची शेड, मिटलेले डोळे, अठरा सेकंद. काही लपवलं नाही. बोलताना तो किसनच्या बँडेजकडेच बघत होता. वेणूच्या हातातला घास तसाच राहिला होता.

संपल्यावर किसनने तिच्याकडे मान वळवली. "वयनी, तुला ठावं व्हता?"

वेणूने मान डोलावली. तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

"डॉक्टरला ठावं, वयनीला ठावं." किसनचा आवाज चढला नाही. "झारावर मी चढत व्हतो, दादूस. मनाच कनाला नाय सांगितला?"

महिपतीकडे याचं उत्तर होतं, आणि ते इतकं लहान होतं की तोंडातून काढायची त्याला चीड आली.

"बाकी कुणाला सांगता आला असता," तो म्हणाला. "तुज्यासमोर लहान व्हायची लाज वाटली."

किसनने त्याच्याकडे बघितलं. सहा वर्षांचा असताना बापाच्या चितेजवळ त्याने असंच बघितलं होतं, आता मी कुणाकडे जाऊ असं. मग त्याने तोंड भिंतीकडे केलं आणि वेणूला म्हणाला, "वयनी, आता तेजस्वीला बोलव. भात ती भरवंल."